काचेआडचे ऊन

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घराण्यांची एखादी फांदी आता कॅनडात, इंग्लंडात वा अमेरिकेत रुजली आहे. तिकडून नाताळच्या सुमारास येणाऱ्या छायाचित्रांत बर्फाने झाकलेले अंगण दिसते, आणि कधी कधी त्या अंगणाकडे तोंड करून घराला मागाहून जोडलेली काचेची एक लहानशी खोलीही दिसते. तीत वेताची खुर्ची, कढीपत्त्याची कुंडी आणि दुपारच्या तिरप्या उन्हाचा एक पट्टा. तिला ते लोक उन्हाची खोली म्हणतात. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना या गोष्टीचे नवल वाटते. ऊन घरात शिरू नये म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या पडव्या काढल्या, ओटीवर कौले उतरवली. आणि आपलीच नातवंडे ऊन घरात यावे म्हणून कर्ज काढतात!

नवल वाटणे साहजिक आहे. परंतु या खोलीचा इतिहास आम्ही चाळू लागलो तेव्हा हा विषय निव्वळ बांधकामाचा नाही असे आमच्या ध्यानी आले. ऊन कोणाच्या वाट्याला यावे आणि त्यासाठी किती पैसे मोजावे लागावेत, हा प्रश्न या इतिहासाच्या बुडाशी आहे. फ्रान्सच्या राजाच्या संत्र्यांच्या झाडांना हिवाळ्यातले ऊन मिळण्याची चोख व्यवस्था १६८६ साली पुरी झाली. कारखान्यात राबून क्षयाने खंगलेल्या दोन गरीब बहिणींसाठी उन्हा-वाऱ्याची एक छोटी झोपडी अमेरिकेत उभी राहिली ती १८८५ साली. झाडे आणि माणसे यांच्यामध्ये दोनशे वर्षांचे अंतर पडले. ते अंतर कसे तुटले हे पाहू जाता, स्वस्तात उन्हाची खोली बांधण्याची विद्याही ओघाने हाती लागते.

ऊन घरात घेण्याची कल्पना काचेहून जुनी आहे. ग्रीक लेखक झेनोफोन याने आपल्या गुरूच्या, म्हणजे सॉक्रेटिसाच्या, आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांत घर कसे असावे याविषयी सॉक्रेटिसाचे एक साधे प्रतिपादन आहे. घराचे तोंड दक्षिणेकडे असावे. हिवाळ्यात सूर्य खालून जातो, तेव्हा त्याचे किरण ओसरीत खोलवर शिरतात, आणि उन्हाळ्यात तो माथ्यावरून जातो, तेव्हा छप्पराची सावली पडते. दक्षिणेची बाजू उंच आणि उत्तरेची बुटकी ठेवावी, म्हणजे थंड वारे अडतात. यात काच नाही, यंत्र नाही, खर्चही जवळजवळ नाही. केवळ दिशेचे भान आहे. पुढील अडीच हजार वर्षांत या प्रतिपादनात मोलाची भर फार थोडी पडली, असे आमचे मत आहे.

रोमन लोकांनी मात्र त्यात एक भर घातली. अभ्रकासारख्या पारदर्शक दगडाचे पातळ पापुद्रे काढून ते खिडकीत बसवू लागले, पुढे ओबडधोबड काचही वापरू लागले. धाकटा प्लिनी आपल्या समुद्रकाठच्या हवेलीचे वर्णन करताना एका खोलीचा उल्लेख करतो. तिच्या नावाचा अर्थच सूर्याची भट्टी असा होतो. या खोल्यांचे महत्त्व एवढे वाढले की शेजाऱ्याने झाड लावून कुणाच्या सूर्यखोलीवर सावली पाडली तर तो हक्कभंग ठरू शकतो, असे मत तिसऱ्या शतकातील विधिज्ञ उल्पियन याने नोंदवले आणि सम्राट जस्टिनियन याच्या संहितेत ते समाविष्ट झाले. सूर्यप्रकाश ही कायद्याने राखण्याजोगी मत्ता आहे, हे रोमनांनी ओळखले होते. अर्थात ती मत्ता हवेली बांधणाऱ्यांची होती.

मध्यंतरीची शतके आपण ओलांडू. व्हर्सायच्या राजवाड्याखालचे संत्रीगृह हे या इतिहासातले पहिले भव्य पान. चौदाव्या लुईच्या आज्ञेवरून ज्यूल आर्दुआँ-माँसार याने ते १६८४ ते १६८६ या काळात बांधले. मधले दालन दीडशे मीटरांहून लांब. भिंती चार-पाच मीटर जाड. राजवाड्याच्या गच्चीच्या पोटात ते खोवलेले, म्हणजे पाठीशी सगळी जमीन. आणि उघडी बाजू तेवढी दक्षिणेला, दुहेरी काचांच्या उंच खिडक्यांची. आत शेगडी नाही. तरीही कडाक्याच्या थंडीत आतले तापमान सहसा पाच अंशांच्या खाली जात नाही. हजारो मजुरांच्या घामावर उभा राहिलेला तो डामडौल बाजूला ठेवून नुसती रचना पाहिली तर ती सॉक्रेटिसाचीच आहे: दक्षिणेला तोंड, उत्तरेला आडोसा, आणि दिवसाची ऊब पोटात घेऊन रात्री परत करणारी जाड भिंत.

काच मात्र सामान्य माणसाला परवडण्यासारखी नव्हती, आणि जिथे ती दुर्मीळ होती तिथे लोकांनी आपापल्या परीने वाट काढली. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना लाकडी चौकटींत बसवलेले शिंपल्यांचे चौकोन आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्या पातळ शिंपल्यांतून प्रकाश येतो, पण भगभग येत नाही; पावसाची झड अडते आणि घरातला आडपडदाही राहतो. आपल्या हवेला काचेपेक्षा तो शिंपलाच अधिक मानवणारा होता, असे आम्हांला वाटते.

इंग्लंडात काच होती, कारखानेही होते. पण तिथे सरकार आडवे आले. १६९६ साली राजा तिसरा विल्यम याच्या राजवटीत खिडक्यांवर कर बसला. घरात शिरून माणसाची मिळकत तपासण्यापेक्षा रस्त्यावर उभे राहून खिडक्या मोजणे सोपे, एवढाच त्यामागचा विचार. कर ठराविक संख्येहून अधिक खिडक्यांवर असे, म्हणून घरमालकांनी जास्तीच्या खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. तशा बुजवलेल्या खिडक्यांचे चौकोन तेथील जुन्या घरांच्या भिंतींवर आजही दिसतात. कर खरा श्रीमंतांसाठी होता. परंतु शहरांत एकाच मोठ्या इमारतीत अनेक गरीब कुटुंबे भाड्याने राहत आणि कायद्याच्या लेखी ती सारी इमारत एक घर ठरे. मालकाने खिडक्या बुजवल्या की अंधार होई तो भाडेकरूच्या बिऱ्हाडात. त्यावर १७४६ पासून काचेवरही उत्पादनकर आला. तो वजनावर आकारला जाई, त्यामुळे काच जितकी जाड आणि मजबूत तितका कर अधिक. डॉक्टरांनी तक्रारी केल्या, अंधाऱ्या खोल्यांतून ताप फैलावतात असे परोपरीने सांगितले. पण तिजोरीला आलेले उत्पन्न सोडवत नव्हते. अखेर काचेवरचा कर पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी १८४५ साली रद्द केला आणि खिडक्यांवरचा कर १८५१ साली गेला. फ्रान्सात तसाच दारे-खिडक्यांचा कर १७९८ साली बसला होता, तो तर १९२६ पर्यंत टिकला. माणसाच्या घरात येणाऱ्या उजेडावर शतकाहून अधिक काळ पट्टी वसूल व्हावी, हे वाचून आम्हांला खेद झाला. आश्चर्य वाटले असे मात्र म्हणवत नाही.

या करमुक्तीचा लाभ ज्याने सर्वांत चतुराईने घेतला तो एक माळी होता. जोसेफ पॅक्स्टन हा शेतकऱ्याचा सातवा मुलगा. वयाच्या तेविसाव्या वर्षी, १८२६ मध्ये, तो डेव्हनशायरच्या ड्यूकच्या चॅट्सवर्थ येथील बागेचा मुख्य माळी झाला. तिथे त्याने १८३६ ते १८४० या काळात एक प्रचंड काचघर उभारले. लांबी २७७ फूट. मधून घोडागाडी जाऊ शकेल एवढी रुंद वाट. उष्ण प्रदेशांतली झाडे जगवण्यासाठी जमिनीखाली भट्ट्या होत्या आणि त्यांना कोळसा पोचवायला भुयारातून रूळ घातले होते. पॅक्स्टनचे नाव पुढे जगभर झाले ते १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी त्याने आखलेल्या स्फटिकमहालामुळे. सुमारे तीन लाख तावदाने, सारी एकाच मापाची. चौकटी कारखान्यात कापलेल्या, जागेवर आणून नुसत्या जोडायच्या. काचेवरचा कर सहा वर्षांपूर्वी उठला नसता तर हा महाल कागदावरच राहिला असता.

परंतु आमच्या दृष्टीने पॅक्स्टनचे खरे लोकोपयोगी काम निराळेच आहे, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. १८५८ साली त्याने साध्या माणसासाठी एका काचघराचे एकाधिकारपत्र घेतले आणि लाखो लोकांसाठी काचघर अशा अर्थाच्या नावाने ते विक्रीस आणले. यंत्रावर कापलेल्या लाकडी चौकटी, त्यांत बसवलेली काच, आणि चौकटींच्या मधून हवा खेळवण्यासाठी उघडझाप होणाऱ्या अरुंद फळ्या. घराच्या वा बागेच्या तयार भिंतीला टेकवून उतरत्या छपरासारखे ते उभे करता येई. म्हणजे चारांपैकी एक भिंत आयतीच मिळे. मोठ्या कसबी सुताराची गरज नसे. शिवाय ते सुटे करून हलवता येई, म्हणून भाडेकरूलाही ते घेणे शक्य होते. जमिनीत रोवलेली वस्तू जमीनमालकाची होते, ही भीती त्यात उरली नव्हती. आयती भिंत, एकसारखी मापे, सुटे भाग आणि वारा जाण्याची वाट: स्वस्त उन्हाच्या खोलीचे शास्त्र इथे जवळजवळ पूर्ण झालेले दिसते.

ड्यूकच्या काचघराचे काय झाले हेही सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई आली, भट्ट्या विझल्या, आतली झाडे मेली, आणि १९२० साली सुरुंग लावून ती इमारत पाडून टाकण्यात आली. काच ऊन आत घेते तशी रात्री ऊब बाहेरही सोडते. केवळ काचेच्या भरवशावर उभी राहिलेली खोली इंधनाच्या जिवावर जगते, आणि इंधन संपले की संपते. घराला काचेची खोली जोडून तीत विजेची शेगडी लावणाऱ्या प्रत्येकाने चॅट्सवर्थची ही कथा एकदा वाचावी.

आता त्या दोन बहिणींकडे वळू. एकोणिसाव्या शतकात क्षयरोगाने युरोप-अमेरिकेत हाहाकार माजवला होता. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला, पण औषध मात्र सापडेना. न्यूयॉर्कचे डॉक्टर एडवर्ड ट्रुडो स्वतः क्षयाने आजारी होते. डोंगरातल्या सॅरानॅक लेक या गावी स्वच्छ हवेत राहून त्यांना बरे वाटले, आणि श्रीमंतांना जमणारे हे पथ्य गरिबांनाही मिळावे म्हणून त्यांनी वर्गणीतून तिथे आरोग्यधाम सुरू केले. १८८५ च्या हिवाळ्यात त्याची पहिली झोपडी तयार झाली. तांबडा रंग दिलेली, एक खोली आणि पुढे लहानशी ओसरी. तीत पहिल्या राहायला आल्या त्या न्यूयॉर्कच्या कारखान्यातल्या दोन बहिणी.

आरोग्यधामात जागा पुरेना, तेव्हा रुग्ण गावात भाड्याने राहू लागले. आणि गावकऱ्यांनी आपल्या साध्या लाकडी घरांना एकेक ओसरी जोडायला सुरुवात केली. कुणी वरच्या मजल्यावर, कुणी बाजूला. सरकत्या काचांच्या, पडद्यांच्या. रुग्ण बर्फ पडत असतानाही घोंगड्यांत गुंडाळून घेऊन दिवसाचे आठ-आठ तास तिथे लांब खुर्चीवर पडून राहत. त्या ओसऱ्यांना गावात उपचाराच्या ओसऱ्या असेच म्हणत. एका आजाराने एका गावाच्या सगळ्या घरांचा चेहरा बदलून टाकला! विसाव्या शतकाच्या आरंभी हीच ओसरी निरोगी माणसांच्या घरांतही शिरली. अमेरिकेत सियर्स नावाची पेढी १९०८ ते १९४० या काळात टपालाने घरे विकत असे. नकाशा निवडून पैसे पाठवले की लाकडाचे कापलेले तुकडे आगगाडीने यायचे. त्यांतल्या काही नमुन्यांत उन्हाची ओसरी असे. मध्यमवर्गीय कुटुंबाला ती परवडू लागली ती तेव्हापासून.

या काळात उन्हाविषयी श्रद्धा आणि शास्त्र यांची मोठी सरमिसळ झाली. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रज संशोधकांनी १८७७ साली दाखवले होते. त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले; त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लेझाँ येथे ऑगस्त रोलिए यांनी सूर्यस्नानाचे रुग्णालय काढले. मात्र एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नसे, आणि आजही येत नाही. रोलिए यांचे रुग्ण उघड्या सज्ज्यांवर झोपत, काचेआड नव्हे. मुडदूस टाळणारे ड जीवनसत्त्व त्वचेत तयार करणारे जे अतिनील किरण असतात, त्यांना साधी खिडकीची काच अडवते. ते किरण जाऊ देणारी खास काच १९२० च्या दशकात बाजारात आणली गेली. पण तिचे दिवस थोडेच ठरले. तेव्हा काचेच्या खोलीत बसल्याने मन प्रसन्न होते, सांध्यांना ऊब मिळते, वृद्धांना बाहेरचे जग दिसते, हे सारे खरे. परंतु बाळाच्या हाडांसाठी त्याला अंगणातच न्यावे लागते. आपल्या आज्या बाळाला तेल लावून सकाळच्या कोवळ्या उन्हात ओट्यावर निजवीत, ते यामुळेच योग्य होते.

उन्हा-वाऱ्याच्या आरोग्यधामांची लाट आपल्याकडेही आली. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीला १९१२ साली काढलेले बेल-एअर हे त्यांतलेच. पण गंमत अशी की, या लाटेला ओहोटी लावणारा निर्णायक पुरावाही भारतातूनच पुढे आला. स्ट्रेप्टोमायसिन १९४४ साली जगापुढे आले आणि आयसोनियाझिड १९५२ साली. त्यानंतर १९५६ पासून मद्रासमध्ये क्षयाच्या १९३ रुग्णांवर एक अभ्यास झाला. काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या घरीच औषधे दिली. घरे दाटीवाटीची, आहार निकृष्ट, विश्रांती नाही. तरीही वर्षाअखेर दोन्ही गटांतले बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. घरच्या माणसांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढलेला दिसला नाही. १९५९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आरोग्यधामांचे युग मावळू लागले. खुद्द ट्रुडो यांची संस्था १९५४ मध्येच बंद झाली होती. उन्हाच्या ओसरीचे औषधपण संपले. उरली ती ओसरी.

तिला पुन्हा काम मिळाले ते १९७३ च्या तेलसंकटात. अरब राष्ट्रांनी तेल रोखल्यावर थंड देशांतल्या साध्या कुटुंबांना घर उबदार ठेवणे जड जाऊ लागले. फ्रान्सच्या पिरेनीज डोंगरात ओदेयो येथे फेलिक्स ट्राँब यांनी १९६७ मध्येच एक युक्ती घरावर वापरून दाखवली होती. दक्षिणेकडची जाड भिंत काळी रंगवायची, तिच्यापुढे थोडे अंतर सोडून काच बसवायची. दिवसा भिंत तापते. फूटभर जाडीतून ती ऊब पलीकडे यायला सुमारे आठ-दहा तास लागतात, म्हणजे ती नेमकी रात्री खोलीत पोचते. ही युक्ती अमेरिकेतील एडवर्ड मोर्स या प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ सालीच नोंदवून ठेवली होती. परंतु कोळसा स्वस्त असेतो तिच्याकडे कोण पाहणार? काच आणि भिंत यांच्यामधले ते वीतभर अंतर वाढवून माणूस बसेल एवढे केले की झाली उन्हाची खोली.

हे काम सर्वांत माणुसकीच्या रीतीने झाले ते अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याच्या उत्तर भागात. तिथली खेडी जुनी, बहुतांशी स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबांची. घरे आणि चर्चेही उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांची. हिवाळा कडक, पण आभाळ निरभ्र. बिल यांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे कमी उत्पन्नाच्या घरांना काचघरे जोडून देण्याच्या कार्यशाळा भरवल्या. ठरलेल्या शनिवार-रविवारी शेजारीपाजारी आणि शिकू इच्छिणारे जमत. चौकटी उभ्या करीत, पारदर्शक पत्रे वा तावदाने ठोकत, आणि रविवारी संध्याकाळी घरच्या माणसांना ऊब आणि भाजीचा वाफा दोन्ही मिळत. आपल्याकडे घर शाकारणीला आळी जमायची, तसेच काहीसे. या अनुभवावर यांडा आणि रिक फिशर यांनी १९७६ साली एक पुस्तकही लिहिले.

त्यांचे आडाखे आजही लागू आहेत, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. पहिला विचार जागेचा. सांता फे शहरात डिसेंबरच्या मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१ अंश वर असतो, जूनमध्ये ७८ अंश. तेव्हा दक्षिणेची उभी काच हिवाळ्यात भरपूर ऊन घेते आणि उन्हाळ्यात थोडे. उलट, छपरालाच काच लावली तर उन्हाळ्यात खोलीची भट्टी होते, हिवाळ्याच्या रात्री ऊब वरून निसटते, आणि गळती लागते ती वेगळीच. काचेचे छप्पर छायाचित्रात सुंदर दिसते. थोडक्या पैशांत बांधणाऱ्याने मात्र पक्के छप्पर घालून काच उभीच ठेवावी. घर आणि खोली यांच्यामधली भिंत पाडू नये. ती जाड भिंतच उबेची पेटी आहे, आणि दार लावून घेतले की खोली रात्री कितीही गारठली तरी घर गारठत नाही. ती भिंत पातळ असेल तर तिच्यापाशी पाण्याने भरलेली काळी पिंपे उभी करतात. तितक्याच आकाराच्या काँक्रीटच्या सुमारे दुप्पट ऊब पाणी साठवते. भिंतीला वर आणि खाली एकेक झरोका ठेवायचा: दिवसा वरच्यातून गरम हवा घरात येते, खालच्यातून थंड हवा खोलीत जाते, सूर्य मावळला की दोन्ही बंद, नाहीतर हा प्रवाह उलटतो. बाहेरच्या बाजूलाही वर-खाली खिडक्या हव्यात, उन्हाळ्यासाठी. मोडीत काढलेल्या घरांच्या जुन्या खिडक्या मिळवून त्यांच्या मापाने चौकट आखली तर खर्च पुष्कळ वाचतो. मात्र आधी खिडक्या आणाव्यात आणि मग चौकट कापावी, उलट नव्हे. खर्च वाचवू नये अशा जागा दोनच: जोते आणि पाणी अडवणारे सांधे. बर्फाने पाया उचलला की सारी काच तडकते. शेगडी तर लावूच नये.

हे गणित जसेच्या तसे आपल्या किनाऱ्यावर आणणे मात्र शहाणपणाचे नव्हे. वसईला जूनमध्ये सूर्य अगदी माथ्यावर असतो, डिसेंबरातही मध्यान्ही तो सत्तेचाळीस अंशांवर असतो. रात्री ऊब साठवण्याची गरज नसते. बंगल्याच्या पश्चिमेला गच्चीवर काचेची खोली काढून मग तीत वातानुकूलन यंत्र बसवणारे लोक आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना पडवी अधिक स्वस्त पडली असती.

आपल्या देशात या खोलीचे खरे घर लडाख. लेह साडेतीन हजार मीटर उंचीवर. हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. लाकूड दुर्मीळ, म्हणून शेणाच्या गोवऱ्यांवर आणि विलोच्या काटक्यांवर हिवाळा काढायचा. त्या धुराने घरातल्या बायकांचे डोळे आणि फुप्फुसे जात. पण ऊन मात्र वर्षातले तीनशेहून अधिक दिवस. ऐपतदार घरांत दक्षिणेकडे काचेची बैठकीची खोली असते, तिला शेल्खांग म्हणतात. हिवाळ्याच्या दिवसा सारे कुटुंब तिथेच असते. ज्यांना काच परवडत नाही त्यांचे काय, हा प्रश्न तिथेही होताच. १९७८ साली हेलेना नॉरबर्ग-हॉज यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून ट्राँबच्या भिंती तिथे पोचल्या. १९८८ साली स्थापन झालेल्या सेकमॉल या विद्यार्थ्यांच्या चळवळीने त्याहून साधी वाट काढली. लेहजवळ फे गावी त्यांनी १९९० च्या दशकात आपले विद्यालय उभारले. भिंती धुमसलेल्या मातीच्या, जमिनीत अर्धवट खोवलेल्या, तोंड दक्षिणेला. आणि काचेऐवजी उन्हाने लवकर न कुजणारे जाड प्लास्टिकचे कापड. थंडी सुरू होताच ते इमारतीच्या दर्शनी बाजूवर वरपासून खालपर्यंत ताणून बांधतात. त्याच्या आड मातीची भिंत तापते, भाज्यांचे वाफे हिरवे राहतात, आणि बाहेर सारे गोठलेले असताना मुले आत शेगडीवाचून अभ्यास करतात. उन्हाळा जवळ आला की दोऱ्या सोडून ते कापड काढतात आणि पुढच्या थंडीसाठी ठेवून देतात.